‘लागलेल्या’ यंत्राचा मोह

कॅसिनोत स्लॉट मशीनच्या रांगेत शिरलेला माणूस अमुकच यंत्रासमोर का बसतो? यंत्रे एकाच कंपनीची आणि एकाच बनावटीची असली, तरी तो समोर येईल त्या यंत्रावर बसत नाही. थोडा रेंगाळतो. कोणत्या यंत्रावरचे दिवे लुकलुकले, कोणाला मोठी रक्कम लागली, कोण तासभर खेळून हात हलवत उठला, याचा अंदाज घेतो आणि मग जागा निवडतो. ही निवड त्याला अनुभवावर आधारलेली आणि म्हणून शहाणपणाची वाटते. ‘हे यंत्र आज देते आहे’ हा त्यातला एक तर्क. ‘या यंत्राने बराच वेळ काही दिलेले नाही, आता द्यायलाच हवे’ हा दुसरा. दोन्ही तर्क एकमेकांच्या नेमके उलट आहेत. तरीही एकच माणूस एकाच संध्याकाळी दोन्ही वापरतो आणि त्यातली विसंगती त्याच्या लक्षात येत नाही.

मागच्या विजयांचा पुढच्या निवडीवर होणारा हा परिणाम गेली काही दशके मानसशास्त्रज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ अभ्यासत आहेत. ही केवळ विद्यापीठातली करमणूक नव्हे. जुगाराची यंत्रे आज जगभर सरकारांच्या महसुलाचा आणि मोठ्या कंपन्यांच्या नफ्याचा आधार झाली आहेत, आणि त्या यंत्रांची रचना माणसाच्या नेमक्या याच सवयीभोवती झालेली आहे. त्यामुळे खेळणाऱ्याची चूक कोठे संपते आणि यंत्राची योजना कोठे सुरू होते, हा सार्वजनिक धोरणाचा प्रश्न ठरतो.

यंत्राच्या पोटात काय असते?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे याने ‘लिबर्टी बेल’ हे तीन चाकांचे यंत्र बनवले. नाणे टाकायचे, दांडा ओढायचा आणि चाके थांबण्याची वाट पाहायची. त्या काळच्या यंत्रात जे डोळ्यांना दिसे, तेच गणित होते. चाकावर जितकी चिन्हे, तितक्या शक्यता. समजा, प्रत्येक चाकावर २२ थांबे आहेत, तर तीन चाकांच्या एकूण जुळण्या १०,६४८ होतात. त्यापेक्षा दुर्मीळ बक्षीस ठेवायचे तर चाके मोठी करावी लागत किंवा त्यांची संख्या वाढवावी लागे, आणि अवाढव्य यंत्रापुढे बसायला माणूस बिचकत असे.

ही अडचण १९८४ साली सुटली. इंगे टेल्नेस यांना त्या वर्षी अमेरिकेत एका पेटंटचा हक्क मिळाला. त्यातील कल्पना साधी होती. चाके कोठे थांबणार हे चाकांनी ठरवायचेच नाही. यंत्रातील संगणक यदृच्छेने एक आकडा काढील आणि त्या आकड्याला जोडलेल्या जागी चाक आणून थांबवील. आता दिसणाऱ्या चाकावर २२ थांबे असले, तरी संगणकातील ‘आभासी’ चाकावर ६४ थांबे असू शकत. तीन चाकांच्या जुळण्या मग २,६२,१४४ होतात. खेळणाऱ्याच्या डोळ्यांना दिसणारी शक्यता एक आणि प्रत्यक्षातील शक्यता भलतीच, अशी फारकत येथून सुरू झाली.

या रचनेत एक गोष्ट मात्र स्पष्ट आहे. बटण दाबले की आकडा निघतो आणि निकाल तेथेच ठरतो. चाकांचे फिरणे हा ठरलेल्या निकालाचा देखावा असतो. मागच्या डावात काय झाले, दहा मिनिटांपूर्वी जॅकपॉट लागला की दहा दिवसांपूर्वी, याची पुढच्या आकड्याला गंधवार्ताही नसते. यंत्राचा दीर्घकालीन परतावा मात्र आधीच ठरलेला असतो. अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या नियमानुसार यंत्राने पणाला लागलेल्या रकमेच्या किमान ७५ टक्के परत देणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात तेथील सरासरी ९० टक्क्यांच्या पुढे असते. हा आकडा उदार वाटतो, पण तो प्रत्येक डावाला लागू होतो हे विसरता कामा नये. दहा रुपयांचा एक डाव, तासाला सहाशे डाव आणि ९२ टक्के परतावा असे धरले, तर तासाभरात सहा हजार रुपये पणाला लागतात आणि सरासरी ४८० रुपये यंत्रात राहतात. खिशात हजारच रुपये असले तरी हिशेब सहा हजारांवर होतो, कारण जिंकलेले पैसे पुन:पुन्हा पणाला लावले जातात.

परस्परविरोधी तर्कांचे मूळ

मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत १८ ऑगस्ट १९१३ रोजी रूलेच्या चाकावर काळा रंग सलग २६ वेळा आला, ही घटना संभाव्यताशास्त्राच्या वर्गात हमखास सांगितली जाते. काळा रंग जसजसा येत गेला, तसतसे लोक लाल रंगावर अधिकाधिक पैसे लावत गेले आणि बुडाले. ‘आता पारडे फिरायलाच हवे’ या समजुतीला जुगाऱ्याचा तर्कदोष म्हणतात. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील लॉटरीचा अभ्यास करून चार्ल्स क्लॉटफेल्टर आणि फिलिप कुक यांनी १९९३ साली याच दोषाचा ठोस पुरावा मांडला. एखादा आकडा लागला, की त्यानंतर लगेच त्या आकड्यावर लावले जाणारे पैसे झपाट्याने घटत आणि पूर्वपदावर यायला त्यांना सुमारे तीन महिने लागत. लागलेला आकडा लवकर पुन्हा लागत नाही, असा लोकांचा हिशेब होता.

पण माणसे याच्या उलटही वागतात. जोनाथन गुर्यान आणि मेलिसा कर्नी यांनी २००८ साली टेक्सास राज्यातील लॉटरी विक्रीचे आकडे तपासले. ज्या दुकानातून मोठ्या बक्षिसाचे तिकीट विकले गेले, त्या दुकानाची विक्री पुढच्या आठवड्यात इतरांच्या तुलनेत १२ ते ३८ टक्क्यांनी वाढलेली दिसली आणि हा परिणाम कित्येक आठवडे टिकला. बक्षीस दुकानदार काढत नाही, दुकानाच्या भिंतीही काढत नाहीत. तरीही ‘तेथे लागते’ ही ख्याती गिऱ्हाईक खेचून आणते. आपल्याकडील लॉटरीच्या स्टॉलवर मागच्या बक्षिसांचे फलक ठळकपणे लावलेले असत, त्यामागे हेच व्यवहारज्ञान होते.

या दोन अभ्यासांतून एक सूत्र हाती लागते. आकड्याला, रंगाला किंवा चेंडूला माणूस निर्जीव मानतो आणि त्याच्याकडून ‘समतोला’ची अपेक्षा करतो. दुकानाला, माणसाला किंवा जागेला मात्र तो गुण चिकटवतो. हात चांगला, पायगुण चांगला, जागा लाभाची. स्लॉट मशीन या दोहोंच्या सीमेवर उभे आहे. ते यंत्र आहे, पण त्याला नाव असते, चेहरा असतो, आवाज असतो, ठरावीक जागा असते. म्हणून त्याच्या बाबतीत दोन्ही तर्क चालू पडतात. ते देत असेल तर ‘चांगले’ म्हणून त्याला धरून बसायचे, देत नसेल तर ‘आता देईल’ म्हणून धरून बसायचे. दोन्ही वाटा खुर्चीतच संपतात.

लाखभर डावांनंतर कळणारी गोष्ट

यावर एक रास्त शंका अशी, की सर्व यंत्रांचा परतावा सारखा नसतो. मग ज्या यंत्राने जास्त दिले, ते खरोखरच जास्त परतावा देणारे असण्याची शक्यता नाही का? तत्त्वत: आहे. पण व्यवहारात ती माहिती खेळणाऱ्याच्या हाती कधीच लागत नाही. स्लॉट मशीनच्या निकालांत चढउतार फार मोठे असतात. एका डावामागील चढउतार पणाच्या दहापट धरला, तर यंत्राचा परतावा ९० टक्के आहे की ९५ टक्के हे बऱ्यापैकी खात्रीने सांगायला सुमारे एक लाख साठ हजार डाव लागतील. तासाला सहाशे डावांच्या वेगाने हे २६६ तासांहून अधिक होतात. संध्याकाळच्या दोन तासांत दिसलेला विजय हा त्या अर्थाने पुरावाच नव्हे.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. लास वेगास येथील नेवाडा विद्यापीठाचे अँथनी लुकास आणि त्यांचे सहकारी यांनी प्रत्यक्ष कॅसिनोंत दिसायला सारख्या, पण परताव्याचे प्रमाण वेगळे असलेल्या यंत्रांच्या जोड्यांची उलाढाल अनेक महिने तपासली. जास्त परताव्याच्या यंत्राकडे गिऱ्हाईक हळूहळू वळेल, अशी धंद्यातील जुनी समजूत होती. तसे वळण आकड्यांत दिसले नाही. नेहमी येणाऱ्यांनाही फरक कळत नव्हता. याचा अर्थ गंभीर आहे. माल महाग झाला की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते, हा बाजाराचा साधा नियम. येथे यंत्राची ‘किंमत’ गिऱ्हाइकाला दिसतच नाही, त्यामुळे ती वाढवली तरी त्याला पत्ता लागत नाही.

मग लाभाचे यंत्र म्हणून जे नजरेत भरते, ते काय असते? एका दालनात शंभर यंत्रे आहेत आणि प्रत्येकावर तासाभरात मोठी रक्कम लागण्याची शक्यता पन्नासात एक आहे असे समजू. दर तासाला सरासरी दोन यंत्रे वाजणारच. कोणती, हे आधी सांगता येत नाही. वाजल्यावर मात्र सगळ्यांच्या माना तिकडे वळतात. उरलेली अठ्ठ्याण्णव यंत्रे निमूटपणे पैसे गिळत असतात, पण गप्प यंत्राची बातमी होत नाही.

आठवणीला खतपाणी

मागचा विजय स्मरणात ठसावा याची व्यवस्था यंत्रातच केलेली असते. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५०च्या दशकात दाखवून दिले होते, की बक्षीस दर वेळी न देता अनिश्चित अंतराने दिले, तर प्राणी ते मिळवण्यासाठी अधिक चिकाटीने धडपडतो. बक्षीस बंद झाल्यावरही ही सवय लवकर सुटत नाही. स्लॉट मशीन हे त्यांच्या विवेचनातले हाताशी असलेले उदाहरण होते.

आभासी चाकांमुळे आणखी एक गोष्ट साधली. जॅकपॉटच्या चिन्हाच्या वरचे आणि खालचे थांबे वारंवार यावेत, अशी जुळणी करता येऊ लागली. दोन चिन्हे जुळतात, तिसरे केसभर अंतराने हुकते. गणिताच्या दृष्टीने तो निव्वळ पराभव, पण मनाला तो ‘जवळजवळ विजय’ वाटतो. केंब्रिज विद्यापीठात ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की अशा थोडक्यात हुकलेल्या डावांच्या वेळी मेंदूतील, प्रत्यक्ष जिंकल्यावर उद्दीपित होणारे काही भाग उद्दीपित होतात. हुकलेला डाव खेळणाऱ्याला आवडत नाही, पण पुढचा डाव खेळण्याची इच्छा मात्र वाढते.

नव्या पडद्याच्या यंत्रांनी यावर कडी केली. एकाच डावात वीस-वीस ओळींवर पण लावता येतो. वीस रुपये लावले, एका ओळीवर पाच रुपये लागले, तरी यंत्र घंटा वाजवून, दिवे लावून अभिनंदन करते. पंधरा रुपये गेलेले असतात. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली या प्रकाराला ‘विजयाच्या वेषातील पराभव’ म्हटले आणि खेळणाऱ्याचे शरीर अशा डावांना खऱ्या विजयासारखाच प्रतिसाद देते, हे त्वचेवरील सूक्ष्म बदल मोजून दाखवले. ज्या ‘मागच्या विजयां’च्या जोरावर माणूस यंत्र निवडतो, त्यांतले बरेचसे विजय अशा रीतीने मुळात विजयच नसतात.

जिंकलेल्या पैशाकडे पाहण्याची दृष्टीही वेगळी असते. रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन यांनी १९९० साली दाखवले, की नुकत्याच जिंकलेल्या रकमेबाबत माणूस अधिक धोका पत्करतो, कारण ती त्याला आपली न वाटता कॅसिनोची वाटते. आणि हरल्यावर, झालेले नुकसान एका फटक्यात भरून काढणारा पर्याय त्याला सर्वांत मोहक वाटतो. मानववंशशास्त्रज्ञ नताशा डॉ शुल यांनी लास वेगासमध्ये केलेल्या दीर्घ अभ्यासातून आणखी अस्वस्थ करणारे चित्र उभे राहिले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात, व्यसनाच्या टोकाला पोचलेले कित्येक जण जिंकण्यासाठी खेळतच नाहीत, तर जगाचा विसर पडावा म्हणून खेळत राहतात, असे त्या नोंदवतात. पहिला विजय दाराशी आणतो, पण आत धरून ठेवणारी गोष्ट वेगळीच असते.

सर्वत्र एकच नियम नाही

येथे एक बाब प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. मागच्या निकालांवरून अंदाज बांधणे सर्वच ठिकाणी अडाणीपणाचे नसते. ब्रिटनमधील पबमध्ये दिसणारी काही यंत्रे ‘भरपाई’ तत्त्वावर चालतात. ठरलेला परतावा गाठण्यासाठी ती आधीच्या देण्याघेण्यानुसार पुढच्या शक्यता बदलतात, आणि तसे यंत्रावर नमूद करावे लागते. जपानमधील पाचिस्लॉट यंत्रांना परताव्याच्या वेगवेगळ्या पायऱ्या असतात. कोणते यंत्र कोणत्या पायरीवर ठेवायचे हे दुकानदार ठरवतो आणि यंत्राच्या डोक्यावर मागील डावांची आकडेवारी झळकत असते. तेथे ती आकडेवारी अभ्यासण्यात काही अर्थ असू शकतो. अमेरिकेतील वाढत्या जॅकपॉटच्या यंत्रांतही, बक्षीस बरेच दिवस न लागल्यास त्याची रक्कम वाढते, मात्र ते लागण्याची शक्यता तेवढीच राहते.

म्हणजे एका देशात जी माहिती उपयोगी, ती दुसरीकडे निरर्थक. आपण कोणत्या प्रकारच्या यंत्रासमोर बसलो आहोत, हे खेळणाऱ्याला सांगितले गेले नाही तर त्याने काय समजायचे? चुकीच्या तर्काचा दोष सगळा त्याच्याच माथी मारणे मग न्याय्य ठरत नाही.

आपल्या दाराशी

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. १९६०च्या दशकात मुंबईत फोफावलेल्या मटक्याची मुळे न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांवरील सट्ट्यात होती. पुढे आकडे मडक्यातून निघू लागले, पण ओपन-क्लोजचे जुने ‘चार्ट’ पुढ्यात घेऊन उद्याचा आकडा शोधणारे अभ्यासू गिरणगावात गल्लोगल्ली होते. गिरण्या गेल्या, चार्ट मोबाइलवर आले. तर्क तोच राहिला.

कॅसिनोंसाठी महाराष्ट्राने १९७६ साली कायदा केला, तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ साली विधिमंडळाने तो रद्द केला. गोव्याने मात्र १९७६च्या आपल्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना मुभा दिली आणि १९९६ साली समुद्री जहाजांवरील खेळांना वाट करून दिली. फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेशबंदी आहे. जी गोष्ट आपल्या लोकांना घातक म्हणून दाराबाहेर ठेवायची, तीच बाहेरून आलेल्यांना पर्यटनाचे आकर्षण म्हणून दाखवायची, हा त्यातला विरोधाभास मांडवीच्या तीरावर उभ्या असलेल्या कोणालाही दिसतो. त्या बाहेरून येणाऱ्यांत मुंबई-पुण्याचे लोक थोडे नसतात.

केंद्राने ऑगस्ट २०२५मध्ये संसदेत कायदा करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीची भूमिका घेतली. असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. खेळणाऱ्यास गुन्हेगार न मानण्याचे शहाणपणही त्यात दाखवले आहे. परंतु जुगार हा राज्यसूचीतील विषय. हॉटेलांतील आणि जहाजांवरील प्रत्यक्ष यंत्रांचे काय, याचे उत्तर राज्यांनीच द्यायचे आहे.

करण्याजोगे काय?

‘जुगार वाईट’ एवढे सांगून भागत नाही, कारण ते खेळणाऱ्यालाही ठाऊक असते. ऋग्वेदातील अक्षसूक्तापासून आपण ते ऐकत आलो आहोत. इतर देशांनी काय केले, याकडे पाहणे अधिक उपयुक्त ठरेल. ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाने २०१०च्या अहवालात असा अंदाज मांडला, की यंत्रांवर खर्च होणाऱ्या रकमेपैकी सुमारे ४० टक्के वाटा जुगाराच्या गंभीर आहारी गेलेल्यांचा आहे. त्यावर उपाय म्हणून, एका डावाचा पण एक डॉलरपुरता मर्यादित ठेवावा आणि खेळणाऱ्याने आपली मर्यादा आधीच निश्चित करावी, अशी शिफारस आयोगाने केली. नॉर्वेने २००७ साली जुनी यंत्रे सरसकट हटवली आणि नंतर हरण्याला सक्तीची मर्यादा असलेली सरकारी यंत्रे आणली. ब्रिटनने एप्रिल २०१९मध्ये सट्ट्याच्या दुकानांतील वादग्रस्त यंत्रांवरील कमाल पण १०० पौंडांवरून २ पौंडांवर आणला.

या उपायांचे वैशिष्ट्य असे, की ते खेळणाऱ्याला संभाव्यताशास्त्र शिकवण्याच्या भानगडीत पडत नाहीत. त्याची समजूत कायम राहील हे गृहीत धरून, त्या समजुतीपोटी मोजावी लागणारी किंमत ते कमी करतात. गोव्यातही प्रत्येक यंत्रावर परताव्याचे प्रमाण ठळक मराठी, कोंकणी, हिंदी आणि इंग्रजीत लिहिणे, निव्वळ तोट्याच्या डावाला विजयाची घंटा न वाजवणे, हरण्याची मर्यादा आधी ठरवल्याशिवाय खेळ सुरू न होणे, एवढ्या गोष्टी नियमाने सक्तीच्या करता येतील. त्यासाठी कॅसिनो बंद करावे लागत नाहीत. महसुलाला थोडी झळ बसेल हे खरे. पण ती झळ बसणार असेल, तर तो महसूल आजवर कोणाच्या खिशातून येत होता, याचेही उत्तर त्यातूनच मिळेल.

खेळणाऱ्याच्या बाजूने पाहता उपाय आणखी साधा आहे. कोणते यंत्र ‘लागले’ हे शोधण्याऐवजी, घरून निघताना किती रक्कम गेली तरी चालेल हे ठरवावे आणि तेवढीच जवळ बाळगावी. यंत्र कोणतेही निवडले तरी शक्यता बदलणार नाही. कधी उठायचे, एवढी एकच निवड त्याच्या हाती असते.